पांढरा, पण कुठला?

पाच बाय सात इंचांची पाटी.
गुडघ्यावर मावते,
आणि बोटं आखडायच्या आत एक तर जमते, नाही तर फसते.
बाकावर डबा उघडला की समोर आर्नसाइडची खाडी:
चिखल, चिखलात पाणी, पाण्याखाली पुन्हा चिखलच,
आणि पुलावरून जाणारी दोन डब्यांची गाडी
जी मी कधीच काढत नाही.
ती थांबत नाही म्हणून नव्हे. मला चाकं जमत नाहीत.

एकतीस वर्षं लँकेस्टरच्या एका तळघरात
मी लोकांचे दात बनवले.
पोर्सेलिनची पूड, तीन केसांचा ब्रश, भट्टी,
आणि भिंतीला टांगलेली सोळा नमुन्यांची पट्टी:
ए-वन, ए-टू, बी-थ्री…
पहिल्याच आठवड्यात थोरल्डबाईंनी बजावलं होतं,
पांढरा दात फक्त जाहिरातीत असतो.
मुळाशी मध, मधोमध ताक,
टोकाला किंचित निळा, जिथून उजेड आरपार जातो.

म्हणून कुरव काढायला बसले
आणि हात आपोआप पांढऱ्या ट्यूबकडे गेला,
तेव्हा माझं मलाच हसू आलं.
कुरवाची छाती: ए-टू. पंखाखाली सी-वन.
मेंढी: डी-फोर, पावसानं धुतली नसेल तर.
ढगाला पट्टी नाही.

बाकीच्या रंगांना मात्र मराठीच लागते.
हा चिखल इकडे नुसता ब्राउन.
मला तो आमसुली दिसतो, कडेला गव्हाळ,
आणि पलीकडचे डोंगर चिंतामणी,
शकूमावशीच्या त्या साडीचे
जी तिनं कधी कुणाला नेसू दिली नाही,
स्वतःही फारशी नेसली नाही.

बाकाच्या पायाशी गुलाबी फुलांचे झुबके.
इंग्रजांनी या फुलाचं नाव काटकसर ठेवलंय.
हे कळल्यापासून मी गुलाबी रंग
वाटाण्याएवढाच पिळते.

आज कालवफोड्या होता.
काळा, ए-टू, आणि ती भडक केशरी चोच
जणू कुणी गाजर चोरून पळतंय.
चोच झाली, डोळा झाला, पोट झालं,
आणि भोंगा वाजला.
भरती येतेय, चिखलातून निघा.
माणसं निघाली, पक्षीही निघाले.
पाय राहिले.
मी पोटाखालून पाण्याची एक आडवी रेघ ओढली.
आता तो कायमचा पाण्यात उभा.

तेवढ्यात एक माणूस, कुत्र्यासकट, मागे थांबला.
वाऱ्याबद्दल बोलला. मग हसला,
आणि मी ओळखलं.
चेहरा नव्हे. चेहरे आमच्या तळघरात येत नसत,
फक्त उघड्या तोंडाचा फोटो आणि नावाची चिठ्ठी.
वरचा डावा सुळा.
ए-थ्री-पॉइंट-फाइव्ह, मनातल्या मनात मी साडेतीन म्हणायचे,
आणि त्यावर मुद्दाम उमटवलेली केसाएवढी भेग,
कारण शेजारच्या खऱ्या दातालाही ती होती.
ई. बर्केट. दोन हजार नऊ, की दहा?

सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.
ओळखू न येणं, हाच तर माझा धंदा होता.

त्यानं विचारलं, याला पाय का नाहीत?
म्हटलं, पाणी आलं.
हे त्याला पटलं. केवढ्याला, म्हणाला.
मी कधी विकलं नव्हतं, म्हणून म्हटलं, न्या,
पण आडवं धरा, आठवडाभर वाळणार नाही.
त्यानं ते तळहातावर धरलं
काठोकाठ भरलेल्या बशीसारखं,
तरी आभाळात अंगठा उठलाच.

चार पावलं जाऊन परत वळला.
यावर सही नाही तुमची.

खरंच नव्हती.
हजारो दात गेले हातून,
सही कुठं करणार होते?
ब्रशच्या मागच्या टोकानं मी ओल्या चिखलात
‘सुलभा’ कोरलं, देवनागरीत, कारण तसंच आलं.
हे गवत का, त्यानं विचारलं.
हो म्हटलं.

तो हसला.
खाडीवरचा उजेड सुळ्याच्या टोकातून
आरपार गेला, निळसर.
एवढं एक बरं जमलं होतं.